पोलिसाचा धाक

आखाती युद्ध सुरू झालं आणि रियाधमधल्या आमच्या शाळेच्या गेटवर एक सौदी पोलीस आला. मुलं आत येताना तो टोपी काढून काखेत धरायचा आणि खिशातले खजूर पुढे करायचा. कुणी घेत नसे. पहिलीच्या वर्गात दंगा झाला की मीच सांगायचे, "गप्प बसा, नाहीतर तो पोलीस पकडून नेईल."

एका दुपारी सायरन वाजला. तळघराच्या दारात उकिडवा बसून, हात पसरून तो मुलांना बोलवत होता. मुलं रडत माझ्या साडीमागे लपली. शेवटी तोच दारातून लांब झाला, तेव्हा कुठे ती आत गेली.

नंतर मोडक्या हिंदीत तो मला म्हणाला, "माझी धाकटीही सायरनला अशीच घाबरते, टीचर."

मी हो म्हणून मान डोलावली.