दोन विहिणी माल्टाला गेल्या तेव्हा

अहिल्याकाकू आणि शोभाताईंनी माल्टाची टूर बुक केली तेव्हा त्या एकमेकींच्या विहिणी होत्या. निघायची वेळ आली तेव्हा त्या विहिणी राहिल्या होत्या की नाही, हे दोघींनाही सांगता आलं नसतं.

काकू वेस्ट विंडसरमध्ये आमच्या शेजारी राहतात. माहेर नागपूरचं, शिक्षण मायक्रोबायॉलॉजीत एमएस्सी. लग्नानंतर अनिलकाकांबरोबर न्यू जर्सीला आल्या, पहिली काही वर्षं व्हिसामुळे घरी बसल्या, मग एका औषध कंपनीच्या लॅबमध्ये लागल्या आणि रिटायर होईपर्यंत तिथेच राहिल्या. बोलणं मोजकं, काम चोख. कुणाच्या घरी आजारपण असलं की न विचारता डबा पोचवतात आणि दारातूनच परत फिरतात.

त्यांचा एकुलता एक मुलगा सत्यजित, लग्नानंतरही त्यांच्याच घरात राहणारा. त्याची बायको हिमानी पुण्याची, इथे एमएस करायला आलेली. तिची आई शोभाताई, हिमानीचे वडील गेल्यावर पार पश्चिम किनाऱ्यावर, बेलव्ह्यूला मुलाकडे राहायला आल्या होत्या. चैत्राली झाली तेव्हा बाळंतपणासाठी त्या हिवाळाभर इकडे राहिल्या. एका स्वयंपाकघरात दोन विहिणी म्हटल्यावर आम्ही शेजारी जरा कान टवकारूनच होतो. पण झालं भलतंच. शोभाताई बडबड्या, काकू ऐकून घेणाऱ्या. एकीनं डिंकाचे लाडू वळायचे, दुसरीनं बाळाला तेल लावायचं. बर्फ वितळेपर्यंत 'अहो अहिल्याताई'चं 'अगं अहिल्या' झालं होतं. पुढे शोभाताई परत गेल्या तरी रोज एकीचा दुसरीला फोन असायचाच.

इथल्या सीनियर सेंटरची दर वर्षी एक गाइडेड टूर निघते. त्या वर्षी माल्टा होतं. काकूंना जुन्या दगडी बांधकामांचं वेड, आणि काकांना गुडघेदुखी. तेव्हा काकूंनी शोभाताईंना विचारलं आणि त्या लगेच तयार झाल्या. दोघींत एक खोली घेतली.

बुकिंग झालं आणि त्याच हिवाळ्यात सत्यजित आणि हिमानी वेगळे झाले. आरडाओरडा नाही, काही नाही. एक दिवस हिमानी जवळच्याच अपार्टमेंटमध्ये राहायला गेली आणि सात वर्षांची चैत्राली अर्धा आठवडा इकडे, अर्धा तिकडे राहू लागली. काकूंना मुलाची बाजू माहीत, शोभाताईंना मुलीची. रोजचा फोन आधी आठवड्यावर गेला, मग बंदच झाला. संक्रांतीला काकूंनी तिळगुळाचा मेसेज पाठवला, तर तिकडून नुसते जोडलेले हात आले.

टूर मात्र कुणीच कॅन्सल केली नाही. काकूंना वाटलं, शोभाताई काही येत नाहीत. मे महिन्यात मीच त्यांना नूअर्क एअरपोर्टवर सोडलं. गेटपाशी गेल्या तर समोर खुर्चीत बेलव्ह्यूहून आलेल्या शोभाताई बसलेल्या, मांडीवर पर्स घट्ट धरून.

"कशा आहात?" शोभाताईंनी विचारलं.

"बरी आहे. तुम्ही?"

पुढचे दोन दिवस दोघी एकमेकींना 'तुम्ही' म्हणत राहिल्या. आधी तुम्ही आंघोळीला जा, खिडकीशी तुम्हीच बसा. काकू म्हणतात, भांडण परवडलं असतं, पण ती अदब नको झाली होती.

माल्टा मात्र त्यांना पाहताक्षणी आवडलं. सगळा देश एकाच दगडाचा, मधाच्या रंगाचा. घरं, चर्च, तटबंदी, सगळं त्याच दगडातलं, आणि रस्त्यावर झुकलेल्या लाकडी बंद गॅलऱ्या, कुठे हिरव्या, कुठे तांबड्या. रस्ता संपला की समोर समुद्र. त्यांची गाइड कारमेन ही तिथलीच, ठेंगणी, झपझप चालणारी बाई. तिनं सगळ्यांच्या कानात छोटे इअरफोन अडकवून दिले होते. ती गर्दीत दिसेनाशी झाली तरी तिचा आवाज कानात चालूच असायचा. अमुक सरदारांनी हा किल्ला बांधला, तमुक साली तुर्कांचा वेढा पडला. ग्रुपमध्ये बाकी सगळे अमेरिकन म्हातारे-म्हाताऱ्या. त्यांनी या दोघींना बहिणी ठरवून टाकलं होतं, आणि यांनी ते खोडलं नाही.

वॅलेटा ही तिथली राजधानी. तिथले काही रस्ते म्हणजे नुसत्या उतरत्या पायऱ्याच आहेत, शेकडो वर्षांच्या वर्दळीनं गुळगुळीत झालेल्या. अशाच एका रस्त्यावर काकू वरच्या गॅलऱ्या बघत उतरत होत्या. पाय सटकला आणि त्या उजव्या हातावर पडल्या.

शोभाताई पुढे होत्या. आवाज ऐकून त्या वळल्या आणि धावतच वर आल्या.

"अगं अहिल्या, हलू नकोस. हात अजिबात हलवू नकोस. माझ्याकडे बघ."

मनगटाचं हाड मोडलं होतं. कारमेननं टॅक्सी बोलावली आणि शोभाताई टूर सोडून त्यांच्याबरोबर हॉस्पिटलमध्ये गेल्या. तिथल्या नर्सनं विचारलं, तुम्ही यांच्या कोण? शोभाताई इंग्रजीत म्हणाल्या, "आम्हा दोघींची नात एकच आहे." नर्सला ते कितपत कळलं कोण जाणे, पण तिनं त्यांना आत सोडलं.

डॉक्टरांनी हाड बसवून प्लॅस्टर घातलं आणि बेतानं हिंडायला हरकत नाही असं सांगितलं. अनिलकाकांनी फोनवर परत ये म्हणून सांगितलं, पण काकू ऐकायला तयार नव्हत्या. मग सगळं शोभाताईंवर आलं. कुडत्याची बटणं, चपलांचे पट्टे, जेवताना घास कापून देणं. काकूंचे केस अजून कमरेपर्यंत आहेत. शोभाताई रोज सकाळी त्यांना खुर्चीत बसवून वेणी घालायच्या, इतकी घट्ट की काकूंच्या भुवया ताणल्या जायच्या. पुन्हा गप्पा सुरू झाल्या. तिथली वाटाण्याची पेस्ट्री खाऊन शोभाताईंनी जाहीर केलं की ही आपली खारी आहे, कुणीतरी आत उसळ भरलेली. काकू खूप दिवसांनी मोकळं हसल्या. सत्यजित-हिमानीचा विषय मात्र दोघींनीही काढला नाही.

तो निघाला इमदीनात. बेटाच्या मधोमध, टेकडीवर तटबंदीच्या आतलं हे जुनं गाव. आत मोजकी माणसं राहतात आणि बाहेरच्या गाड्या येऊ देत नाहीत, म्हणून त्याला शांत गाव म्हणतात. इथे हळू बोला, लोकांची घरं आहेत, असं कारमेननं वेशीतच बजावलं होतं. अरुंद गल्ल्यांतून ग्रुप पुढे चालला होता. काकूंना दम लागला म्हणून दोघी एका दगडी बाकावर टेकल्या.

शोभाताईंनी पर्स मांडीवर घट्ट धरली. मग म्हणाल्या, "अहिल्या, मी इथे यायचं कारण वेगळंच आहे. फोनवर सांगायचं नव्हतं. हिमानीला बेलव्ह्यूत जॉब मिळालाय. ऑगस्टमध्ये ती शिफ्ट होतेय. चैत्रालीला घेऊन."

काकूंना आधी अर्थच लागला नाही. मग त्यांनी विचारलं, सत्यजितला माहीत आहे का. अजून नाही, हिमानी येत्या आठवड्यात त्याच्याशी बोलणार आहे, असं शोभाताई म्हणाल्या. राज्याबाहेर मुलीला न्यायचं तर त्याची संमती लागणार होती.

"तिला तिकडे बोलावलं कुणी?" काकूंनी विचारलं.

शोभाताईंना खोटं बोलता आलं असतं. तिचं तिनं ठरवलं, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं.

"मी," त्या म्हणाल्या. "मीच म्हटलं, ये म्हणून. ऑफिसातून येते, मुलीला जेवू घालते आणि भिंतीकडे बघत बसते. रडतसुद्धा नाही. मला तिथून बघवेना."

मग दोघी भांडल्या, आणि तेही कुजबुजत, कारण गाव शांत होतं. काकूंनी विचारलं, माझ्या घरातून मूल उचलून न्यायचं आणि वर माझीच वेणी घालायची, हे जमलं कसं तुला? शोभाताई म्हणाल्या, मूल तुझ्या घरातलं नाही, माझ्या मुलीचं आहे. काकू म्हणाल्या, माझ्या मुलाचंही आहे, तो काय रस्त्यावरचा आहे? आणि हे चाललेलं असताना दोघींच्या कानात कारमेन शेकडो वर्षांपूर्वीच्या घराच्या खिडक्यांचं वर्णन करत होती. इअरफोन काढायचं दोघींना सुचलं नाही. शेजारून जाणारं एक अमेरिकन जोडपं त्यांच्याकडे बघून चटकन पुढे निघून गेलं. मराठी कळायची गरजच नव्हती.

दुसऱ्या दिवशी काकू वेणी न घालताच खाली आल्या. केस कसेबसे क्लिपमध्ये अडकवलेले, कुडत्याचं एक बटण उघडं. बसमध्ये त्या कारमेनच्या शेजारी जाऊन बसल्या. त्या दिवशी समुद्राकाठची प्राचीन मंदिरं होती. पिरॅमिडच्याही आधीची, माणसाच्या दुप्पट उंच शिळा एकमेकींना टेकवून उभ्या केलेल्या. काकू त्यांच्यासाठीच तर आल्या होत्या. पण त्या शिळांपुढे उभ्या राहिल्या आणि त्यांच्या डोळ्यांपुढे घरातली चैत्रालीची खोली येत राहिली. कॉटखालची लेगोची पेटी, खिडकीतला फोटो. सत्यजितला फोन करून सावध करावं, वकील गाठ म्हणावं, असं त्यांच्या मनात आलं. फोन हातात घेतलाही.

मग मागे वळून पाहिलं. शोभाताई जरा अंतरावर उन्हात उभ्या होत्या. जवळ येत नव्हत्या, पण काकूंच्या पायाखालच्या खडबडीत जमिनीवरून त्यांची नजर हलत नव्हती. पुन्हा पडली तर, म्हणून.

काकू म्हणतात, "माझा राग तेव्हा गेला नाही. पण भिंतीकडे बघत बसणारी हिमानी मला दिसायला लागली. आठ वर्षं ती माझ्या घरात होती. ती रडत नाही, हे मला माहीत असायला हवं होतं."

त्यांनी फोन पर्समध्ये ठेवला.

परतायच्या आदल्या दिवशी बोटीनं गोझो बेटावर जायचं होतं. डेकवर वारा खूप होता आणि काकूंचे केस सुटून तोंडावर येत होते. शोभाताईंनी न विचारता मागे येऊन ते गोळा केले आणि वेणी घालायला घेतली. काकूंनी घालू दिली. मग समोर पाण्याकडे बघतच त्या बोलल्या.

"मी सत्यजितला काही सांगणार नाही. हिमानीनं स्वतःच सांगू दे. पण तिनं वकिलाकडून कळवू नये. समोर बसून बोलावं. एवढं तिला तू सांग."

"सांगते."

"आणि चैत्राली तिकडे गेली, तर तिला माझ्याकडे पाठवताना कुणाच्या कपाळाला आठी दिसता कामा नये. तुझ्यासुद्धा."

शोभाताईंचे हात थांबले. मग म्हणाल्या, "मीच घेऊन येईन तिला. दर सुट्टीत. विमानात एकटी नाही बसवणार."

पुढे सगळं सुरळीत झालं असं नाही. हिमानी घरी येऊन सत्यजितशी बोलली, तर तो आधी भडकला. जूनभर तो काकूंच्या स्वयंपाकघरात येरझाऱ्या घालत राहिला. काकूंनी त्याला संमती दे म्हटलं नाही, देऊ नको असंही म्हटलं नाही. एकदाच विचारलं की चैत्रालीला आईविना राहायला सांगशील का. दुसऱ्या दिवशी त्यानं स्वतःहून हिमानीला फोन केला. त्यानंतर तो आणि हिमानी तीन-चार वेळा पार्कातल्या बाकावर बसून बोलले, सुट्ट्या वाटून घेतल्या, रोजच्या व्हिडिओ कॉलची वेळ ठरवली. ऑगस्टच्या शेवटी मायलेकी बेलव्ह्यूला गेल्या. काकू एअरपोर्टवर रडल्या नाहीत. घरी येऊन त्यांनी चैत्रालीच्या खोलीतल्या चादरी धुवायला काढल्या आणि दुपारभर वॉशिंग मशीनसमोर बसून राहिल्या. मी डबा घेऊन गेले, आणि काकूंसारखी दारातूनच परत फिरले नाही.

शोभाताईंनी शब्द पाळला. थँक्सगिव्हिंगला त्या चैत्रालीला घेऊन आल्या, मग एप्रिलच्या सुट्टीत, मग उन्हाळ्यात. पहिल्या वेळी त्या बिचकत होत्या, सत्यजित कसा वागेल म्हणून. तो दार उघडून म्हणाला, "या आई, आत या," आणि त्यांची बॅग वर घेऊन गेला. चैत्राली उंच झाली आहे. मराठीत विचारलेल्या प्रश्नांना इंग्रजीत उत्तरं देते, तिकडच्या डोंगरांबद्दल भरभरून सांगते, आणि इथल्या मैत्रिणींकडे धावत सुटते.

परवा संध्याकाळी आम्ही चालायला निघालो होतो तेव्हा मी काकूंना विचारलं, ती टूर कॅन्सल केली असती तर बरं झालं असतं असं कधी वाटतं का. हात पण मोडला, आणि ती बातमीही तिथेच ऐकावी लागली.

काकू थोडं चालून म्हणाल्या, "घरी ऐकली असती तर मी फोन आपटला असता. मग तो पुन्हा उचलायला मला वर्षं लागली असती."

तेवढ्यात शोभाताईंचा फोन आला. चैत्रालीचा दात पडला होता, आणि तो कुठे ठेवलाय ते कुणाला आठवत नव्हतं. काकू त्यांना सिंकमध्ये बघ, उशीखाली बघ असं सांगत पुढे चालू लागल्या, आणि मी त्यांच्या मागून चालत राहिले.