शाळेची घंटा आणि दोन एडिटर

एडिटर म्हणजे प्रोग्राम लिहायची वही. लिनक्सवर, म्हणजे कॉम्प्युटर चालवणाऱ्या एका सिस्टिमवर, अशा वह्या हव्या तितक्या मिळतात, सगळ्या फुकट, आणि खरी अडचण तिथेच आहे. विकत घ्यायची असती तर परवडेल ती घेऊन गप्प बसले असते. फुकट म्हटल्यावर माणसाला निवड करावी लागते, आणि निवड केली की कुणाचं तरी मन मोडतं. या एडिटरांची नावं मी इथे लिहीत नाही. लिहिली तर वाचणारेही दोन बाजूंना उभे राहतील, आणि दोन बाजू सांभाळून मी आधीच थकलेय.

मी नांदेडकडची, किनवटच्याही पलीकडची. आठवीत शाळा सुटली. बहीण आणि भाऊजी कर्जतकडच्या कळंबजवळ एका रिसॉर्टवर कामाला होते, त्यांच्यामागे मीही आले आणि तिथे भांडी घासायला लागले. एकदा काउंटरवरचा कॉम्प्युटर बंद पडला, तो दुरुस्त करायला चौक गावाहून एक दादा आले. त्यांनी त्यात लिनक्स टाकलं तेव्हा मी शेजारीच फरशी पुसत होते. आठ दिवसांनी मशीन परत रुसलं. दादांनी कुठली बटणं कोणत्या क्रमाने दाबली होती ते मला आठवत होतं, म्हणून मी भीत भीत तशीच दाबली. दुसऱ्या दिवशी दादा आले, चालू मशीनकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"तू केलंस हे?"

"चुकलं का?"

"चुकलं नाय गं. आमच्याकडं चल. भांडी कुणीबी घासंल."

त्यांच्याकडे म्हणजे चौक गावात, जुन्या हायवेला, टायरच्या गॅरेजवरची पत्र्याची खोली. खाली कॉम्प्रेसर सुरू झाला की वर टेबल थरथरायचं आणि माउसचा बाण आपोआप फिरायला लागायचा. तिथे दादा आणि एक ताई मिळून कंपन्यांनी टाकून दिलेले कॉम्प्युटर साफ करायचे, त्यात लिनक्स घालायचे आणि डोंगराकडच्या शाळांना द्यायचे. दादा खालापूरकडच्या शेतकरी घरातले, हात लावून लावून शिकलेले. ताई कर्जतच्या, कॉलेजात रीतसर शिकलेल्या. दोघांनी मिळून मला पायथन ही प्रोग्रामची भाषा शिकवली. वर्षभर, रोज, एक पैसा न घेता. त्या उपकाराचं मला इतकं ओझं व्हायचं की कधी शिंक आली तरी आधी मी माफी मागायचे.

एडिटरवरून मात्र दोघांचं हाडवैर. दादांचा एडिटर मोठा, रंगीबेरंगी. आमच्या म्हाताऱ्या मशीनवर तो उघडायला इतका वेळ लागायचा की मी चहा ठेवून त्याला चालू करायचे आणि चहा आधी उकळायचा. पण एकदा उघडला की चुकीखाली लाल रेघ मारायचा, पुढचा शब्द स्वतःच सुचवायचा. ताईंचा एडिटर म्हणजे नुसती काळी खिडकी. बोट उचलायच्या आत उघडणार, पण तोंडातून शब्द नाही. त्यात 'डी' दोनदा दाबलं की अख्खी ओळ गायब. ताईंनी त्याची सेटिंगची फाईल कॉलेजपासून एकेक ओळ घालून वाढवलेली. ती त्यांनी मला पेनड्राइव्हवर अशी दिली, जशी आमच्याकडे शेजारीण वाटीतून विरजण देते. "जपून वापर. माझ्या मैत्रिणींकडेही हीच आहे."

दादांनी ते ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच्या एडिटरमध्ये मला वीस जोडण्या, म्हणजे प्लगइन, टाकून दिल्या.

आता आमच्याकडची रीत सांगते. ज्याने तुम्हाला खाऊ घातलं त्याच्या पंगतीत "नको" म्हणायचं नसतं. गावच्या जत्रेत दोन घरची आवतणं आली तर दोन्हीकडे जेवायचं, आणि दुसऱ्या घरी उपाशीपोटी आल्यासारखं जेवायचं. मी तेच केलं. लोखंडी जिन्यावर ताईंच्या चपला वाजल्या की काळी खिडकी पुढे. खाली दादांची मोटरसायकल थांबली की रंगीत पुढे. दोन्ही दिवसभर उघड्या, आणि दोन्हींत एकच फाईल.

अशातच घंटेचं काम आलं. कर्जतजवळ, कोंडाण्याकडच्या एका शाळेत शिपाई निवृत्त झाला होता. झाडाला टांगलेला रेल्वेच्या रुळाचा तुकडा वाजवायला पोरांत मारामाऱ्या व्हायच्या. मुख्याध्यापक बाईंनी विचारलं, कॉम्प्युटर वेळेवर घंटा वाजवेल का? ताईंनी जाऊन त्या रुळाचा आवाज मोबाइलवर भरून आणला. भरण्याची एक, सुट्टीची एक, शाळा सुटण्याची लांबलचक एक. उरलेलं काम दादांनी माझ्यासमोर ठेवलं.

"एकटीनं लिही. नीट वाजली तर पुढल्या महिन्यापासून तू हितं कायमची, पगारी. नाय वाजली तर..."  रिसॉर्टच्या मॅनेजरने बहिणीच्या शब्दाखातर माझी जागा महिनाअखेरपर्यंतच धरून ठेवली होती, हे त्यांना माहीत होतं आणि मला तर झोपेतही माहीत होतं.

गुरुवारी सकाळी चाचणीसाठी मी खोट्या वेळा घातल्या. अकरा पाचला शाळा भरेल, अकरा सातला सुट्टी, अकरा नऊला सुटेल. तिन्ही वाजल्या. खालच्या गॅरेजवाल्यांनी वर येऊन विचारलं, एवढ्या घंटा कशाला, कोण वारलं म्हणून. दुपारी मी दादांच्या एडिटरमध्ये शाळेच्या खऱ्या वेळा घातल्या, साडेदहा, दोन, पाच, आणि फाईल जपून ठेवली. इतक्यात जिन्यावर चपला वाजल्या. मी काळी खिडकी पुढे घेतली. तिच्यात अजून सकाळचाच मजकूर होता, ते माझ्या ध्यानातच नाही.

ताई मागे उभ्या राहून म्हणाल्या, "वरची ती ओळ नको आहे, काढ." मी काढली. त्यांना फोन आला म्हणून त्या बाहेर गेल्या. मी फाईल ठेवायला लागले तर काळ्या खिडकीने आयुष्यात पहिल्यांदा तोंड उघडलं. इंग्रजीत काहीतरी लांब, आणि शेवटी विचारलं, खरंच लिहायचं आहे का, हो की नाही?

मी हो म्हटलं.

शुक्रवारी आम्ही तिघं शाळेत गेलो. कॉम्प्युटर लावला, त्यात माझी फाईल टाकली, व्हरांड्यात भोंगा टांगला, बाईंनी चहा दिला. अकरा पाचला भरण्याची घंटा झाली. बाईंना वाटलं, नमुना दाखवताहेत. त्यांनी टाळ्या वाजवल्या, म्हणून पोरांनीही वाजवल्या. मला मात्र कालच्या खोट्या वेळा आठवल्या. अकरा सातला सुट्टीची झाली. पोरं ताटल्या घेऊन खिचडीच्या पातेल्याकडे धावली. पातेल्याशी बसलेल्या मावशींनी झाकण दाबून धरलं.

"अरं डाळ आजून कच्ची हाय, खाताव काय रं?"

मी मशीनकडे पळाले, पण घाईत पासवर्ड दोनदा चुकला. अकरा नऊला शाळा सुटण्याची लांबलचक घंटा झाली. घंटेच्या हिशेबाने चार मिनिटांत अख्खी शाळा भरली, जेवली आणि सुटली. पोरं दप्तरं घेऊन अशी गेली की धूळसुद्धा मागाहून उठली. एक गुरुजी त्यांच्यामागे ओढ्याकडे गेले, दुसरे करवंदीच्या जाळ्यांकडे.

व्हरांड्यात दादा आणि ताई सुरू झाले.

"तुझ्या त्या काळ्या डब्यात कायतरी झालंय."

"माझ्या? तुझा तो ट्रक कुठे काय भरून नेतो, तुला तरी कळतं का?"

"ट्रक हाय, पन रस्त्यावर तरी चालतोय."

दोघंही माझी बाजू घेत होते, हे त्यात सगळ्यात वाईट. मी गप्प राहिले असते तर दोघांनी एकमेकांच्या एडिटरला दोष देऊन मला सोडून दिलं असतं. माझी जागाही बहुतेक वाचली असती. पण मी आपोआप बोलून गेले. "एडिटरचं काही नाही. मी दोन्हीबी उघडून ठेवायले. तुम्ही आलात की तुमचा, ताई आल्या की ताईंचा. फाईल एकच."

ताईंनी कपाळाला हात लावला. "कधीपासून?"

"वर्ष झालं."

"अगं, पण काल त्याने विचारलं नाही? फाईल बाहेरून बदललीय, तरी लिहू का, असं?"

"विचारलं ना."

"मग?"

"एवढं विचारायलाय तर नको कसं म्हणायचं?"

दादांनी तोंड फिरवलं. खांदे हलत होते, पण रागाने की कशाने ते पाठीवरून कळेना. बाई तेवढ्या शांत होत्या. म्हणाल्या, "भांडण नंतर. आधी घंटा."

शाळेच्या त्या मशीनवर ना दादांचा एडिटर होता ना ताईंचा. लिनक्सबरोबर आपोआप येतो तो छोटा, साधा एडिटर तेवढा होता. कुठली बटणं दाबायची ते त्याच्या तळाला लिहिलेलं असतं, स्वयंपाकघरातल्या डब्यांवर नावं असतात तसं. मी त्यात वेळा बदलल्या, तीनदा वाचल्या आणि आम्ही व्हरांड्यात बसून राहिलो. तोवर निम्मी पोरं परत आली होती. दोनला सुट्टीची घंटा झाली, पण कुणी उठेना. सगळ्यांनी आधी गुरुजींकडे बघितलं. खिचडी मात्र शिजली होती. पाचला शाळा सुटली, तीही गुरुजींनी मान हलवल्यावर. बाईंनी दादांना एवढंच सांगितलं, "चालेल. सोमवारी पोरांचा विश्वास बसेल."

परतताना कर्जतच्या चारफाट्यावर थांबलो. वडापाव घेतला. मी मनात बहिणीला काय सांगायचं ते जुळवत होते. ताईंनी विचारलं, "शेवटी कशात लिहिलंस ते?"

मी सांगितलं.

दादा चावायचे थांबले. "त्यात? त्यात प्रोग्राम लिवतं का कुणी?"

"फार तर वाणसामानाची यादी लिहावी त्यात," ताई म्हणाल्या.

"तेच की. हिला पयल्यापासून शिकवाय पायजे."

"सोमवारी नऊला ये. मी बसते तुझ्यासोबत."

"तू कशाला, मी साडेआठलाच हाय."

वर्षभरात पहिल्यांदाच दोघांचं एकमत झालं होतं, आणि ते माझ्याविरुद्ध होतं. म्हणजे मला काढलेलं नव्हतं. हे कळायला मला अर्धा वडा लागला.

"येते," मी म्हटलं. "पण तोच वापरायचाय मला. तुमचे दोन्ही नको."

मला भीती वाटली. मग दादांनी वडेवाल्याला हात केला. "हिला अजून एक दे रं. मिरची घालून."

मी बाजूला जाऊन बहिणीला फोन लावला आणि सांगितलं, मॅनेजरला म्हण, भांड्यांना दुसरी बघ.