मामा पोरं घेऊन आला

दाभोशाच्या सुकीचा आवाज तुम्ही ऐकला नसेल, तर तुम्ही दाभोशाला आलाच नाहीत. ती कोंबडीला शिव्या द्यायला लागली की चढावरचा जीपवाला आपल्यालाच हाक आली समजून ब्रेक दाबतो. ठाण्याला बांधकामावर जायची, तेव्हा वरच्या मजल्यावरच्या गड्याला बोलवायचं काम मुकादमानं तिलाच दिलं होतं. नवरा राघो थोडा बहिरा. लग्नाआधीपासून होता की नंतर झाला, यावर गावात दोन पक्ष आहेत. मी नंतरच्या पक्षात.

अशा बाईला जन्मात एकदाच हळू बोलावं लागलं.

भात कापून झालं होतं. सुकी आणि तिची लेक धाकली डोंगरउतारावर गवत कापत होत्या. सुकीचा भाऊ मंगळू त्या दिवशी वसईहून यायचा होता, भाचीला मोबाइल घेऊन. चाळिशी उलटली तरी मंगळू बिनलग्नाचा. त्याची कारणं मला ठाऊक आहेत, पण इथं लिहिण्याजोगी नाहीत.

धाकलीचं लक्ष विळ्यापेक्षा रस्त्यावर. "आये, जीप वाजली का गो?"

"तुझ्या कानात वाजते ती. हात चालव!"

पेंढी बांधून सुकीनं मान वर केली. धाकली कातळापाशी वाकलेली. आणि कातळावर, वाळल्या गवतात, बिबट्या. पोट दगडाला टेकलेलं, कान मागं पडलेले, शेपटीचं टोक तेवढं हलतंय. नजर पोरीच्या पाठीवर. खालच्या कपारीतून मांजराच्या पिलासारखं बारीक काहीतरी ओरडलं. म्हणजे ही मादी, आणि पोरगी तिच्या पिलांच्या दारात उभी!

किंकाळी सुकीच्या ओठापर्यंत आली. ती तिनं गिळली. ज्या आवाजानं जीप थांबते, त्या आवाजानं ही झेपच घेईल. शिवाय आमच्याकडं रानात बिबट्याचं नाव घेत नाहीत. नाव घेतलं की बोलावणं जातं. मामा म्हणायचं, बस.

म्हणून ती हलक्या आवाजात म्हणाली, "धाकले, मामा आलाय."

धाकली ताडकन उभी राहिली. "आला? मोबाइल आणला?" विळा टाकून निघालीच. आणि रस्त्याची वाट त्या कातळाला घासून जाते.

वर मादीनं मागचे पाय पोटाखाली ओढले. धाकली आणखी दोन पावलं पुढं.

"बाय," सुकी म्हणाली, "मामा पोरं घेऊन आलाय."

धाकलीचा पाय हवेतच राहिला. मंगळूमामाला पोरं? तिनं आईकडं पाहिलं. मग आई जिकडं बघत होती तिकडं.

"पळू नको. पाठ दाखवू नको. उलट्या पायांनी ये माझ्याकडं."

"आये, ती उठते गो..."

"उठू दे. तिचं घर आहे. तू ये."

मादी एक टप्पा खाली उतरली आणि गुरगुरली. तो आवाज कानात नाही, पोटात ऐकू आला, असं सुकी सांगते. धाकलीची टाच पेंढीत अडकली, ती मागं कलंडली. सुकीनं मानेपाशी झगा पकडून तिला तशीच ओढली, ओहोळापर्यंत. गवत, विळे, पाण्याची बाटली, सगळं तिथंच.

पलीकडच्या काठावरून दोघींनी पाहिलं. मादी कपारीत शिरली, एक पिलू मानेला धरून बाहेर आली आणि दरीकडं उतरली. थोड्या वेळानं दुसरं न्यायला परतली. सुकीची मूठ अजून झग्यावरच होती.

घरी मंगळू ओट्यावर चहा पीत बसलेला. त्याला बघताच सुकीचा गिळलेला आवाज सगळा एकदम बाहेर आला.

"मंगळ्याऽऽ! पोरं कुठं ठेवलीस रे?"

राघोलासुद्धा ऐकू गेलं. मंगळूच्या हातातली कपबशी खाली पडली, आणि त्यावरून गावानं काय काय तर्क काढले, ते मंगळूला विचारा. मात्र तेव्हापासून त्या घरात त्याला कोणी मामा म्हणत नाही. धाकलीसुद्धा तोंडावर 'मंगळू' म्हणते. तो रुसतो, मोबाइल परत मागतो.

सुकी म्हणते, "रुसू दे. रानात हाक कळायला पायजे. मामा एकच पुरे."