घड्याळाला तेलाचं बोट

माझं माहेर पारोळ्याजवळचं, आणि घर तेलघाण्याचं. आमच्याकडे सगळ्या दुखण्यांवर एकच औषध. दाराची कडी कुरकुरली, घाला तेल. बैलाचा खांदा सोलवटला, चोळा तेल. पोर झोपेना, जिरवा टाळूवर तेल. अशा घरातली मुलगी धुळ्यात दिली, आणि पहिल्याच आठवड्यात आमच्या ह्यांनी बजावलं, की दुकानाच्या एका कोपऱ्यात तेलाचं बोटसुद्धा न्यायचं नाही. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मला वाटलं, हा माझ्या माहेराला टोमणा आहे.

देश स्वतंत्र होऊन सात-आठ वर्षं झाली असतील. हे मुंबईला गॅसचं वेल्डिंग शिकून आले होते. आग्रा रोडवर पत्र्याचं दुकान टाकलं होतं आणि दुकानामागच्या दोन खोल्यांत आमचा संसार. ऑक्सिजनचा सिलिंडर मुंबईहून ट्रकने यायचा. कोपऱ्यात तो भिंतीला साखळीने बांधलेला असे, आणि काम निघालं की त्याच्या तोंडावर रेग्युलेटर चढे. पितळेचा, दोन काचेच्या तबकड्यांचा. एका तबकडीवर सिलिंडरमधला दाब दिसे, दुसरीवर ज्योतीकडे किती सोडलाय ते. आत कोंडलेला वारा भयंकर जोराचा, तो हा रेग्युलेटर लगाम घालून हळूहळू सोडी. मी त्याला घड्याळ म्हणायची.

त्या घड्याळाचं सोवळं आमच्या गल्लीतल्या भटजींनाही जमलं नसतं. हे आधी कोपरापर्यंत साबणाने हात धूत. स्वच्छ फडक्याने पुसत. सिलिंडरची चावी क्षणभर किलकिली करून तोंडाशी बसलेली धूळ उडवून देत. मग घड्याळ बसवत, त्याचा दांडा फिरवून पूर्ण सैल करत, बाजूला उभे राहत आणि चावी उघडत ती इतकी सावकाश, की तबकडीचा काटा रुसलेल्या मेहुण्यासारखा रेंगाळत वर चढे. तबकडीसमोर ते कधीच उभे राहत नसत. दुसऱ्या कुणालाही राहू देत नसत. आणि मी आसपास दिसले की चावीला हात घालण्याआधी एकच शब्द: "आत जा." चारचौघांत असं आत पाठवलेलं मला फार लागायचं. मी ताठ मानेने आत जायची आणि भांडी आपटायची.

ती खंडेनवमी मला विसरता येत नाही. दुकानातली सगळी हत्यारं घासूनपुसून पाटावर मांडली होती. हातोडे, पकडी, छिन्न्या, सगळ्यांना तेलाचा हात, मग हळदकुंकू, मग झेंडू. माझ्या माहेरी घाण्यालासुद्धा त्या दिवशी असंच न्हाऊमाखू घालत. घड्याळ मात्र त्याच्या लाकडी पेटीत. हे म्हणाले, पेटीवरच कुंकू वाहा, उघडू नको. आणि हे झेंडूचं तोरण आणायला बाजारात गेले.

मला त्या घड्याळाची दया आली, हे खरंच सांगते. सगळ्या घराला जेवू घालणारं हत्यार, आणि सणाच्या दिवशी त्यालाच कोरडं ठेवायचं? शिवाय ते सिलिंडरला आवळायची त्याची चाकी अलीकडे जड फिरते, ती बसवताना ह्यांचे दात आवळले जातात, हे मी पाहत होते. मी पेटी उघडली. करंगळीवर माहेरचं शेंगदाण्याचं तेल घेतलं, चाकीच्या आतल्या आट्यांवरून फिरवलं, वरचा भाग पुसून लखलखीत केला आणि पेटी बंद केली. मनातून इतकी खूश झाले, की संध्याकाळी पुरणात साखर जास्त पडली.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी एका जिनिंगचा फिटर पुली घेऊन आला. पुली तडकलेली, कापसाच्या गाड्या दारात उभ्या, माणूस घायकुतीला आलेला. मी चहा घेऊन दारात उभी. ह्यांचं हात धुणं, फडकं, सगळं सुरू झालं. फिटरचा जीव वरखाली होत होता. हे चाकीचा एकेक आटा सावकाश आवळू लागले, तसा तो म्हणाला, दोन थेंब तेल टाका की, आम्ही गिरणीत सगळीकडे टाकतो.

ह्यांनी हात न थांबवता त्याला समजावलं. ऑक्सिजन स्वतः पेटत नाही, पण तो दाबाने तेलावर आला की काडी लावावी लागत नाही, तेल आपणहून पेट घेतं. मुंबईला ह्यांच्या शेजारच्या बाकावर काम करणाऱ्याने तेलकट हातांनी असंच घड्याळ बसवलं होतं. ते तोंडावर फुटलं आणि त्याचे दोन्ही डोळे गेले. एवढं सांगून ह्यांनी चावीवर हात ठेवला, बाजूला सरकले आणि माझ्याकडे न पाहता म्हणाले, "आत जा."

या वेळी मी आत गेले नाही. परका माणूस समोर, नवी सून, आणि चूक अशी की कुणीही थोबाडीत मारावी. पण डोळ्यांसमोर आंधळे झालेले हे दिसत होते. मी माहेरच्या बोलीत बोलून गेले.

"चावी नका फिरावा. त्यामा मी तेल लायेल शे."

ह्यांनी चावीवरून हात काढला. फिटरने माझ्यावर तोंड सोडलं. बायकांना दुकानात कशाला येऊ देता, असं बरंच काही. ह्यांनी शांतपणे चाकी उलटी फिरवून घड्याळ उतरवलं, फडक्यात ठेवलं आणि फिटरला म्हणाले:

"भाऊ, चुकी मन्ही शे. हिले मी नियम सांगा, कारण सांगंच नही."

नुसतं पुसून चालणार नाही का, असं फिटरने विचारलं. हे नाही म्हणाले. आतल्या पडद्यापर्यंत तेल गेलं असेल तर ते डोळ्यांना दिसायचं नाही, मुंबईलाच पाठवावं लागेल. पुली घेऊन तो जळगावच्या रस्त्याला लागला, पुन्हा आमच्याकडे कधी आला नाही. ऐन हंगामात आमचं दुकान तीन आठवडे बंद होतं. त्या तीन आठवड्यांत ह्यांनी मला एका शब्दाने टोचलं नाही. मी मोठी मानी बाई, कुणाचं मोठेपण लवकर कबूल करत नाही, पण त्या दिवसांत मनातल्या मनात ह्यांना किती वेळा नमस्कार केला ते माझं मला ठाऊक. पुढे आयुष्यात हुशार माणसं खूप पाहिली. परक्यासमोर बायकोची चूक आपल्या अंगावर घेणारा दुसरा पाहिला नाही.

घड्याळ साफ होऊन आलं त्या सकाळी मी ह्यांनी सांगायच्या आधीच आत निघाले. ह्यांनी हाक मारली. मोरीपाशी तांब्या घेऊन उभे होते. स्वतः हात धुण्याआधी त्यांनी साबणाची वडी माझ्या तळहातावर ठेवली, आणि कोपरापर्यंत पाणी घातलं.