अठ्ठेचाळीस आकड्यांचं कुलूप

फोटो स्टुडिओत बसलं की किस्से शोधावे लागत नाहीत. गिऱ्हाईक फोटोला येतं आणि किस्सा ठेवून जातं! वडनेर भोलजीच्या सलीमचाचांच्या स्टुडिओतले असे ढीगभर किस्से माझ्याकडे आहेत. पण हल्ली मी सांगायला बसले की सगळे त्या एकाच हार्ड ड्राइव्हपाशी येऊन थांबतात. आणि तिथली चूक माझी आहे.

*

बेंगळुरूला शिकून मी परतले ती गाव बदलायच्या इराद्यानेच. सुरुवात चाचांच्या कॉम्प्युटरपासून! वीस वर्षांचे फोटो त्यात, दोन वर्षांपूर्वी वारलेल्या नसीमचाचीचेही. दुसऱ्यांचे फोटो छापण्यात चाचांचा जन्म गेला, बायकोचा एकही कधी छापला नाही. मी अख्ख्या ड्राइव्हला कुलूप घातलं. मशीन बदललं की अठ्ठेचाळीस आकड्यांची किल्ली मागणारं.

"बेटा, दुकानाले मी धड कुलूप लावत नाई. याले काऊन?"

"चाचा, डेटा म्हणजे माणसाची इज्जत!"

इज्जतच काढल्यावर चाचांनी माऊस माझ्या हातात दिला.

*

महिन्याभराने जुना मदरबोर्ड काढून नवा बसवला. स्क्रीनने किल्ली मागितली. मी ऐटीत हात पुढे केला. "आकड्यांचा तो कागद द्या, चाचा."

चष्म्याशिवाय वाचता यावा म्हणून तो मी जाड फोटोपेपरवर, पानभर मोठ्या आकड्यांत छापून दिला होता.

"तो? त्याचे तं पुठ्ठे केले मी."

पासपोर्ट फोटो वाकू नयेत म्हणून चाचा पाकिटात जाड कागदाचा तुकडा घालतात. वापरलेला कागद फेकणं त्यांना जमत नाही. किल्लीचे आठ तुकडे आठ गिऱ्हाइकांच्या घरी गेले होते!

*

जुना बोर्ड परत बसवला असता तर कुलूप आपोआप उघडलं असतं. तो मलकापूरच्या दुकानात एक्स्चेंजमध्ये दिला होता. धावत गेले.

"ताई, तो गेला भंगारात. काऊन, सोनं होतं काय त्याच्यात?"

"हो," मी म्हटलं.

"मंग आधी नाई सांगायचं?"

*

मग चाचांची नावांची वही घेऊन आम्ही स्कूटरवर निघालो. वरवट बकालच्या आजोबांनी दारातच अडवलं. "फोटो खराब निघाला तवा तं बदलून देल्ला नाई. आता वापस मांगून राह्यला काय बे, सलीम?"

एका वहिनीने तुकडा चक्क लॅमिनेट करून ठेवला होता. "एवढे मोठे आकडे! म्हनलं, काईतरी सरकारी असन."

नांदुऱ्याच्या एका काकांनी तो अर्जालाच जोडला होता. "साहेबानं शिक्का मारला न त्याच्यावर! फाईल वर गेली."

आठातले सहा मिळाले.

*

पुण्याच्या रिकव्हरीवाल्याने ड्राइव्ह आठवडाभर ठेवून घेतला. मग फोन आला. मी घाईघाईत स्पीकर लावला. चाचा शेजारीच होते.

"मॅडम, पूर्ण किल्लीशिवाय काहीच निघणार नाही. दुसरी कॉपी दुसऱ्या जागी ठेवायला हवी होती. पण लॉक फार छान लावलंय हो! कुणी लावलं?"

मी स्पीकर बंद करायचं बटण शोधू लागले.

"आमच्या पोरीनं," चाचा म्हणाले.

*

गेल्या आठवड्यात शांताबाई आल्या. आठातलं एक पाकीट त्यांच्याकडे गेलं होतं.

"सलीमभाऊ, पुठ्ठा काई सापडला नाई. पन त्याच्या शोधात हे सापडलं. नातवाचा फोटो. याच्यात हात काऊन आला म्हनून किती भांडली होती मी तुमच्याशी!"

फोटोत लाकडी घोड्यावर बसलेलं रडवेलं पोर आणि त्याला बाजूने सावरणारा बाईचा हात. कोपरापर्यंतच. हिरव्या काचेच्या बांगड्या. रडणारी पोरं नसीमचाचीच धरून ठेवायची.

चाचांनी फोटो स्कॅनरवर ठेवला. नवा ड्राइव्ह घातलेल्या कॉम्प्युटरवर स्वतः माऊस धरून हळूहळू कापत गेले. मागच्या पडद्यावरचा ताजमहाल गेला, घोडा गेला, पोर गेलं. हात उरला.

"दोन प्रिंट काढ, बेटा," चाचा म्हणाले. "एक तुह्या घरी ठेव."