टाकीवरचे सतरा एक्के

आमच्या आतोबांनी आजवर एकाही आकड्याला सुखानं जगू दिलेलं नाही. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. मुक्काम वडगाव रासाई, धंदा उसाचा, खोड भागाकाराची. शिक्रापूरच्या चौकात ट्रॅफिक तुंबलं की माणसं हॉर्न वाजवतात, घाम पुसतात, सरकारला शिव्या घालतात. हे माझ्या मागच्या सीटवर बसून पुढच्या ट्रकची नंबर प्लेट सोलत असतात. "तेराचा भाग गेला बघ!" असं कानात ओरडतात आणि मी मोटारसायकल गटारात घालता घालता वाचतो. माझ्या बहिणीच्या लग्नात लाडू किती वळायचे हेही त्यांनीच ठरवलं : दोन हजार पाचशे वीस. का, तर एकपासून दहापर्यंत कशानंही भागा, बाकी शून्य. बाकी खरंच शून्य राहिली. शेवटच्या पंगतीला लाडूच नव्हता. वरमाईनं तोंड वाकडं केलं तर हे तिलाच म्हणतात, "ताई, आकडा बरोबर हाय, माणसं चुकीची आली."

पण अशा पटकन भागल्या जाणाऱ्या संख्यांवर त्यांचा खरा जीव नव्हताच. त्यांना हवी होती कुणाच्या बापाला भागता येणार नाही अशी एक भली थोरली संख्या. हे वेड लागलं ते धाकट्या भावाशी वाटणी झाल्यावर. रान अर्धं-अर्धं झालं, विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या ठरल्या, आणि बांधावरच्या एका चिंचेवरून दोघांचं बिनसलं. धाकटा रेल्वेत होता. तो दौंडला जाऊन बसला तो पुन्हा गावाकडं फिरकलाच नाही. आतोबा त्याचं नावही काढत नसत. फक्त दरवर्षी चिंचा झोडल्या की निम्म्या एका पोत्यात भरून ठेवायचे आणि ते पोतं तसंच पडून राहायचं. आत्या म्हणायची, "दोघं बी एकाच माळंचं मणी. आधी कोण म्हणून वाकायचं न्हाई."

मग एके दिवशी त्यांनी रस्त्याकडेच्या पाण्याच्या टाकीवर ऑइल पेंटनं ओळीनं सतरा एक्के रंगवले आणि खाली लिहिलं, 'ही संख्या भागून दाखवा.' तिनाचा भाग जात नाही, साताचा नाही, अकराचा, तेराचा नाही. म्हणजे कशाचाच जात नाही, असा त्यांचा सरळ हिशेब. अख्खा गाव हसला. पाव्हण्यारावळ्यांकरवी बातमी दौंडला पोचली, आणि एवढ्या वर्षांत दिवाळीलाही न आलेला माणूस एका सकाळी पिशवी घेऊन टाकीपुढं हजर!

"दादा, भाग जातो. वीस लाख एकाहत्तर हजार सातशे तेवीसनं."

"कुणी सांगितलं?"

"सूनबाईच्या कम्प्युटरनं."

"यंत्राचं मला सांगू नगं. हातानं करून दाव."

झालं! दोघांनी ओट्यावर खडूनं गुणाकार मांडला. हातचा कुणी खाल्ला यावरून भांडण, मग चहा, परत भांडण, मग जेवण. संध्याकाळी गुणाकाराखाली सतराच्या सतरा एक्के उतरले. आतोबा सपशेल हरले, आणि हरून इतका खूश झालेला माणूस मी दुसरा पाहिला नाही. धाकटे दौंडला परतले ते चिंचेचं पोतं घेऊन.

इथं मला शहाणपण सुचलं. इंटरनेटवर शोधून मी म्हटलं, "आतोबा, एकोणीस एक्के लिहा. ती खरोखरची मूळ संख्या आहे. कुणालाच भागता यायची नाही."

त्यांनी माझ्याकडं कीव आल्यासारखं बघितलं. "कुणालाच न्हाई? मग त्यो कशाला यील रं?"

मी मोबाइल मुकाट खिशात घातला.

परवा गेलो तर टाकीवर नवा आकडा. लांबलचक, वाकडातिकडा, आणि शेवटी ठळक पाच. पाचाचा पाढा येणारं कुणीही सांगेल की भाग जातो. मी तोंड उघडणार तोच आतोबांनी माझा हात दाबला. दौंडचे धाकटे आले होते. त्यांनी चष्मा लावला, आकडा डावीकडून वाचत वाचत उजवीकडं सरकले आणि पाचापाशी थांबले. मग वळून थोरल्या भावाकडं बघितलं. दोघांचीही डोकी आता पांढरीफटक झालीत. धाकट्यांनी सावकाश पिशवी ओट्यावर ठेवली.

"अवघड दिसतंय, दादा," ते म्हणाले. "दोन-चार दिस मुक्कामच करावा लागंल."