गुळाच्या काहिलीतनं वेदगंगा: फक्त जाणं, येणं नाही

ज्या माणसानं आयुष्यात एकदाही शर्यत लावली नाही, त्याच्या स्मरणार्थ भव्य शर्यत ठेवली आहे, असा मेसेज क्लबच्या ग्रुपवर पडला तेव्हा मी बेळगावजवळच्या पिरनवाडीत घरासमोर बाईकची साखळी पुसत होतो. म्हणजे फडकं साखळीवर होतं, लक्ष समोरच्या पाण्याच्या टाकीवर चढलेल्या माकडाकडं. मेसेजच्या खाली आणखी एक ओळ होती: 'तसेच आप्पांच्या ऐतिहासिक काहिलीची चौथऱ्यावर प्रतिष्ठापना.' माकड तिथंच सोडलं आणि निघालो.

माहिती नसलेल्यांसाठी सांगतो. काहील म्हणजे गुऱ्हाळात उसाचा रस आटवायची लोखंडी कढई. चार माणसं आत मांडी घालून बसतील एवढी. आमच्याकडं पूर आला की तिचीच होडी करतात आणि पूर ओसरला की शहाणी माणसं ती परत चुलाणावर ठेवतात. निपाणीजवळ वेदगंगेकाठी एक गाव आहे (नाव सांगत नाही, तुम्ही ड्रोन घेऊन पोचाल). तिथल्या आप्पांनी ती परत ठेवलीच नाही. गुऱ्हाळ बंद पडलं, काहील नदीतच राहिली. दर रविवारी येईल त्याला आप्पा वल्हं मारायला शिकवायचे. बेळगाव, चिकोडी, संकेश्वर, जिथनं म्हणून बिनकामाची पोरं मिळतात तिथनं आम्ही जमायला लागलो. पुढं कुणीतरी फायबरच्या लांब होड्या आणल्या, टी-शर्ट छापले आणि आमचा क्लब झाला. आप्पांनाही टी-शर्ट मिळाला. ते त्यानं काहील पुसायचे.

गेल्या साली आप्पा गेले. झोपेत, खाटेवर. 'हा पाण्यानंच मरणार' असं वर्षानुवर्षं सांगत आलेल्या भावकीची फार निराशा झाली.

तर रस्ता. पिरनवाडीतनं सरळ हायवे धरला असता तर उन्हाच्या आत निपाणी गाठली असती. पण आक्कांना, म्हणजे आप्पांच्या बायकोला, कुंदा, म्हणजे बेळगावची खव्याची मिठाई, न्यायचा म्हणून बेळगावात खडेबाजारात शिरलो. कुंदा घेतला. मग एक माणूस चष्मे विकत होता, चष्मा नाकावर टिकत नाही म्हणून त्याचं आणि एका गिऱ्हाइकाचं भांडण लागलं होतं, ते निकाल लागेपर्यंत बघितलं. निकाल लागला नाही. चष्मा मात्र मी घेतला.

हायवेचं रुंदीकरण जोरात आहे. सहापदरी होणार आहे, म्हणून सध्या जागोजागी दीडपदरी आहे. टोलनाक्यावर बाईकला पैसे नाहीत, तेव्हा कडेच्या गल्लीतनं ताठ मानेनं जा. उसाचा सीझन चालू असेल तर दोन-दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरांच्या मागं जाण्याची तयारी ठेवा. गाणी फुकट ऐकायला मिळतात, निवड त्यांची. संकेश्वरात उप्पीट आणि शिरा एका बशीत मागा. हॉटेलवाल्यानं विचारलं, "कुठं निघालाय?"

"काहील वल्हवायला."

"का? गूळ करायचा सोडलासा व्हय?"

तवंदी घाटात वारा असा होता की चष्मा उडाला. म्हणजे त्या भांडणात गिऱ्हाइकाचंच बरोबर होतं.

गावात शिरल्या शिरल्या आप्पा दिसले. बॅनरवर, निळ्या कोटात. आप्पांच्या अंगाला जन्मात कोट लागला नव्हता. कुणातरी नवरदेवाच्या धडावर त्यांचं डोकं बसवलं होतं, आणि खिशातला गुलाबसुद्धा तसाच ठेवला होता. नाव दोन भाषांत होतं आणि दोन्हींत वेगवेगळं चुकलं होतं. ह्याला सीमाभागातला समतोल म्हणतात.

नदीकाठी चौथरा तयार होता. फरशी, रंगीत दिवे, मधोमध कारंज्याची नळी. क्लबचे अध्यक्ष अण्णा तिथं उभे राहून फोटो काढून घेत होते. अण्णा काहिलीत एकदाच बसलेत, तेही ती काठावर पालथी असताना.

मी म्हणालो, "अण्णा, काहील पाण्यातली वस्तू. तिच्यात पाणी कशाला सोडताय?"

"वारसा म्हणत्यात ह्येला. लोकं सेल्फी काढतील. आनि चालवतोय कोण ती आता? सगळी फायबरमधी जात्यात. तुला तरी धड येती का?"

प्रश्न रास्त होता. फायबरच्या होडीला नाक असतं, ती नाकासमोर जाते. काहिलीला नाकही नाही नि शेपूटही नाही. एका बाजूनं वल्हं मारलं की ती जागच्या जागी गिरक्या घेते. पुढं वाकून पाणी आपल्याकडं ओढत न्यावं लागतं आणि कुठं जायचं ते सगळा वेळ आपणच ठरवावं लागतं. मला ठरवण्याचा आजार नाही, त्यामुळं आप्पांचा माझ्यावर सगळ्यांत जास्त घसा बसला.

त्या ओरडण्याचीही एक भानगड होती. आप्पांच्या घरात कन्नड, बाजारात मराठी, आणि नदीत दोन्ही. कन्नडमध्ये डावं म्हणजे 'येड' आणि उजवं म्हणजे 'बल'. मला कन्नड बसमध्ये सीट मिळवण्यापुरतं येतं, पण वाऱ्यात, काठावरनं, मिशीतनं गाळून आलेला शब्द कुठल्या भाषेतला हे कोण सांगणार? पहिल्या दिवशी आप्पा 'बल, बल' ओरडले, मी बळ लावलं. काहील भोवऱ्यासारखी फिरली. मग ते 'येड, येड' ओरडले आणि मी रुसून वल्हं खाली ठेवलं. पुढं क्लबातल्या सगळ्यांनी समजूत घातली, 'लेका, येडं न्हवं, डावीकडं म्हणत्यात.' त्या भरवशावर मी इतकी वर्षं काढली.

तर अण्णांचं आणि माझं जुंपलेलं असताना आक्का आल्या. आप्पा दर रविवारी त्यांना 'चल बस' म्हणायचे आणि त्यांचं उत्तर ठरलेलं: 'गुळाच्या भांड्यात बसायला मी काय उसाचा रस हाय?' त्या कधीच बसल्या नाहीत. आज त्यांनी चौथऱ्याकडं बघितलं, कारंज्याच्या नळीकडं बघितलं.

"अण्णा, ही नळी कशाला?"

"पाणी उडंल की आक्का. लई भारी दिसंल."

"आनि त्येंनी नदीत फिरवली ती काय कोरडी हुती?" मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, "पिरनवाडी, मला पल्याड न्हे."

आप्पा सगळ्यांना गावाच्या नावानं हाक मारायचे, आक्काही तशाच.

अण्णा म्हणाले, "आक्का, तुमाला पोहता येत न्हाय."

"त्येंनला तरी कुठं येत हुतं? ऐका. ह्येनं मला पल्याड न्हेऊन परत आणलं तर काहील नदीची. न्हाय जमलं तर तुमच्या चौथऱ्याची. मग बसा पाणी उडवत."

झालं. शर्यतीचे दोनशे टी-शर्ट एका बाजूला राहिले आणि अख्खं गाव माझ्याकडं बघायला लागलं. आक्कांनी नऊवारीवर नारिंगी लाईफ जॅकेट चढवलं, कासरा धरल्यासारखी काहिलीची कडा धरली आणि बसल्या. मी पुढं गुडघे टेकून वाकलो. ही काहील त्या नळीवर चढली तर आप्पांचं म्हणून नदीत काहीच उरणार नाही, एवढा एकच विचार डोक्यात होता. माझ्या डोक्यात एकच विचार असणं ही तशी बातमीच.

बंधाऱ्यात पाणी अडवलेलं, त्यामुळं सुरुवात झक्क झाली. काठावरनं शिट्ट्या. नदीच्या मध्यावर वारा सुटला आणि काहील हळूहळू खालच्या अंगाला सरकायला लागली.

"येड! येड!" आक्का ओरडल्या.

मी जीव खाऊन डावीकडं ओढलं. काहील गर्रकन वळून थेट काठावरनं पाण्यात वाकलेल्या वेड्या बाभळीच्या काट्यांत घुसली.

"अरं, हिकडं कशाला आणलीस?"

"तुम्हीच म्हणालात येड!"

"मी तुला म्हटलं रं, येडं! वारा कुठनं येतोय ते बघ की!"

जॅकेटात काटे रुतलेले, पाय ओले, आणि मला भलतीच शंका. "मग आप्पा काय म्हणायचे? डावं का येडं?"

"त्येंनला तरी कुठं ठावं असायचं? येळंला तोंडात यील ते." आक्कांनी पदरात अडकलेला काटा काढला. "पर घरी यीऊन भाकरी मोडताना सांगायचे, 'पिरनवाडीचं येडं आज सरळ गेलं.' लई खूष असायचे त्या दिवशी."

मी वल्हं उचललं आणि वाऱ्याच्या तोंडाला पाणी ओढत राहिलो. मागनं आक्का मोजून शिव्या देत होत्या, एक मराठी, एक कन्नड. कसे पोचलो ते विचारू नका, पण पोचलो. पल्याडच्या काठावर, म्हशी धुवायच्या जागी, दोन म्हशींच्या मध्ये. म्हशींनी जागा दिली. आक्का उतरल्या, ओल्या मातीत उभ्या राहून आपल्या गावाकडं बघायला लागल्या. "त्ये हितनं बघायचे व्हय गावाकडं," एवढंच म्हणाल्या.

परत यायचं होतं, पण वारा अजून वाढला. दोनदा निघालो, दोनदा म्हशींत आलो. शेवटी काहील बाभळीच्या बुंध्याला बांधली आणि पुलावरनं, उसाच्या ट्रॅक्टरवर बसून, फेरी मारून परतलो. आमचं स्वागत गाण्यांसह झालं.

अण्णा खुशीत होते. "न्हेलं खरं, आणलं न्हाय. ट्रॅक्टर पाठवतो, काहील घिऊन या रं."

"हात लावू नका," आक्का म्हणाल्या. "परत आणायचं म्हणजे पाण्यातनं आणायचं. आनि आजच आणायचं असं मी कवा म्हणलं? आणूंदे की त्येला सावकाश."

अण्णा कारंज्याच्या बटणाकडं वळले. मागं दिवे लागले, चौथऱ्यावर मधोमध नळीनं पाणी उडवायला सुरुवात केली. रिकाम्या चौथऱ्याचं उद्घाटन झालं, टाळ्या झाल्या, कोटातल्या आप्पांना हार घातला. जेवणात पुरीभाजी होती. पुरी तेलकट, भाजी बरी.

घरी येऊन तीन दिवस खांदे वर होईनात. ह्या सहलीतनं काय मिळालं म्हणाल तर डाव्या हाताला फोड, आणि एक पदवी, जी आता दोन्ही भाषांत पक्की झाली आहे. तुम्ही जाणार असाल तर सकाळी जा, दुपारनंतर वारा असतो. काहील बघायची असेल तर पल्याडच्या काठाला जा. चौथऱ्यावर नुसतं पाणी आहे.

काल आक्कांचा फोन आला. कुंदा आवडला का विचारलं तर म्हणाल्या, गोड हाय. आणि पुढं:

"रविवारी ये. वल्हं मी मारणार हाय. तू मागं बसून नुसतं वरडायचं."

"आक्का, तुम्हाला येत नाही."

"म्हणून तर तुला बोलवलंय."